लुकाबाबाचं वाकडं कोपर

ऐकायचं असेल तर नीट बसा, आणि मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीत गुडघे रोवू नका. गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा तेरडगावाला पूल नव्हता, शाळा नव्हती, आणि गावात सगळ्यात शहाणा कोण यावरून भांडणंही नव्हती, कारण तो मान प्रत्येक घराने आपापल्या म्हाताऱ्याला आधीच देऊन टाकला होता.

त्या काळी बोरा नदीच्या काठी, वेशीबाहेरच्या वस्तीच्या अंगाला, एक गोरा पाद्री येऊन राहिला. त्याचं नाव रेव्हरंड एडमंड ल्यूकस. गावाने त्यातलं रेव्हरंड गाळलं, एडमंड गाळलं, आणि उरलं त्याचं घासूनपुसून लुकाबाबा केलं. माणूस इतका उंच, की दाराच्या चौकटीला रोज त्याचं कपाळ लागायचं आणि रोज तो चौकटीची माफी मागायचा. तट्टावर बसला की पाय जमिनीला टेकायचे, म्हणून तट्टू थकलं की तो नुसता उभा राहायचा आणि तट्टू खालून निघून जायचं, असं म्हणतात.

येताना त्याने एक पत्र्याची पेटी आणली होती. पेटीत देवाचं पुस्तक होतं, औषधाच्या बाटल्या होत्या, आणि तळाला फडक्यात गुंडाळलेला एक चेंडू होता. तांबड्या कातड्याचा, मधून शिवण घातलेला, दगडासारखा कडक. पाद्री होण्याआधी हा माणूस विलायतेत आपल्या परगण्याच्या संघात क्रिकेट खेळायचा. पण ते गावाला पुष्कळ नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा गावाने ऐकलं नाही.

लुकाबाबाच्या घरची झाडलोट आणि भांडी ठकूबाई करायची. ठकूबाई वेशीबाहेरच्या वस्तीतली. नवरा पटकीने गेलेला, पदरात सगुणा नावाची एकच मुलगी. हाताने कामाला वाघीण आणि तोंडाने त्याहून वाघीण. ती बोलायला लागली की शेजारच्या वावरातले बैल आपण होऊन औताला मान द्यायचे, असं म्हणतात. त्या ठकूबाईच्या एक गोष्ट लक्षात आली. लुकाबाबाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

खाली तो हात सगळं करायचा. जेवायचा, लिहायचा, तट्टाला खरारा करायचा, वस्तीतल्या पोरांची गळवं धुवायचा, आणि दुपारी त्याच पोरांना तो तांबडा चेंडू मातीवरून सरपटत टाकायचा. पण टोपी काढायची झाली की डावा हात. खुंटीवरचा कंदील घ्यायचा झाला की डावा हात. आशीर्वाद द्यायचा झाला तरी डावाच, आणि ते पाहून शहरातून तपासणीला आलेला मोठा पाद्री न जेवताच परत गेला, असं म्हणतात. बाकी त्या दिवशी जेवण ठकूबाईने रांधलं होतं, तेव्हा खरं कारण देवाला माहीत.

एके दिवशी भांडी घासता घासता तिने विचारलं, "बाबा, हाताला कायी इजा झालीया का?"

"इजा नाही."

"मग वर का न्हाई जात?"

लुकाबाबाने उजवा हात डाव्या हाताने धरला. मग म्हणाला, "मी देवाला शब्द दिला आहे, ठकूबाई. हा हात पुन्हा वर उचलणार नाही."

ठकूबाईने पातेलं तसंच टाकलं आणि ती वस्तीत गेली. परत आली तेव्हा पातेल्यावरची राख वाळून पांढरी झाली होती, आणि तेरडगावाला एक साधू मिळाला होता.

कारण गावाने असा माणूस आधी पाहिला होता. जत्रेत एक बैरागी यायचा. त्याने बारा वर्षं एक हात आकाशाकडे धरलेला होता. हात वाळून काठी झाली होती आणि नखं वळून तळव्याभोवती गेली होती. लोक त्याच्या पाया पडायचे. गावाने साधा हिशेब केला. बैराग्याने हात वर धरून देव अडवला, आपल्या पाद्र्याने खाली धरून अडवलाय. तपच ते. आणि हाताशी इतकं तप साठलंय म्हटल्यावर त्याचा थोडा उपयोग गावाला व्हायला काय हरकत आहे?

मग लोक यायला लागले. पहिल्यांदा आली शिदोजी पाटलांची म्हैस. ती पान्हा चोरायची. लुकाबाबाने तिच्या पाठीवर उजवा हात ठेवला, तो बिचारा तिला गोचीड आहेत का बघत होता, आणि संध्याकाळी म्हशीने इतकं दूध दिलं की पाटलांच्या घरची भांडी संपली आणि शेवटी दूध रांजणात ओतलं, असं म्हणतात. मग तापाची पोरं आली. मग मूल होत नाही म्हणून बाया आल्या. हैबती कोळी आपलं जाळं घेऊन आला. ज्याचं काम झालं तो हाताचा गुण सांगायचा. ज्याचं झालं नाही त्याला ठकूबाई म्हणायची, "मनात इस्वास न्हाई, त्याला बाबा काय करतील?"

ठकूबाईचे ते दिवस फार चांगले गेले. आजवर नदीच्या वाटेवर गावातलं कोणी समोरून आलं की तिला वाट सोडून काट्यांत उभं राहावं लागायचं. आता पाटलीणबाई स्वतः ओसरीच्या कडेला येऊन हाक मारायच्या, ठकूबाई, आज बाबा कसे आहेत, हात कसा आहे? लांबूनच मारायच्या, पण नावाने मारायच्या. ज्या बाईला उभ्या जन्मात कोणी नावाने हाक मारली नाही, तिला ते गोड लागणारच. तुम्हाला लागलं नसतं?

लुकाबाबाला मात्र ते सोसेना. तो सुकायला लागला. लोक हाताला डोकं टेकवायचे तेव्हा हात निखाऱ्यावर ठेवल्यासारखा तो मागे घ्यायचा. शेवटी एका बाजारच्या दिवशी त्याने गाव वेशीतल्या लिंबाखाली बोलावलं. गावातले पारावर बसले, वेशीबाहेरचे खाली उन्हात बसले, आणि लुकाबाबा मध्येच उभा राहिला, म्हणजे अर्धा सावलीत आणि अर्धा उन्हात.

त्याने सगळं सांगितलं. त्याच्या देशात हिरव्या मैदानावर खेळ होतो. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने फळीने मारायचा. टाकणाऱ्याने हात डोक्यावरून आणायचा, पण कोपर सरळ हवं. कोपर वाकलं तर ती लबाडी. तो फार जोरात टाकायचा. परगण्यात त्याचं नाव झालं होतं. लोक गाड्या जोडून बघायला यायचे. मग एका सामन्यात पांढरा डगला घातलेल्या पंचाने ओरडून सांगितलं की याचं कोपर वाकतंय. पुढच्या चेंडूलाही ओरडला. त्याच्याही पुढच्याला. सगळं मैदान हसायला लागलं. त्याचे वडीलही पाद्री होते, ते पहिल्या रांगेत बसले होते. ते हसले नाहीत. उठून गेले. त्या संध्याकाळी त्याने देवाला सांगितलं, हा हात खोटा असेल तर मी तो पुन्हा वर नेणार नाही.

"हे तप नाही," लुकाबाबा म्हणाला. "ही माझी लाज आहे. आणि वाकत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मला ते सरळच वाटायचं. टाकताना आपलं कोपर आपल्याला दिसत नाही."

मग शिदोजी पाटलांनी घसा साफ केला आणि विचारलं, कोपर वाकलं म्हणून माणसानं देश सोडला? गावात हशा पिकला. इथे बाजरी कापायची तर कोपर वाकतं, पाणी शेंदायचं तर वाकतं, जावयाला नमस्कार करायचा तरी वाकतं. ज्याचं वाकत नाही त्याला वैद्याकडे नेतात. मग पाटील उठले आणि त्यांनी निकाल दिला. खरा साधू कधी आपण होऊन साधू आहे म्हणत नाही. बाबांनी आपलं तप झाकायला ही विलायती कथा रचली आहे. गावाला निकाल पटला. लोक पाया पडून गेले, आणि दुसऱ्या दिवशी म्हशी दुपटीने आल्या.

एका माणसाला मात्र सगळं खरं वाटलं होतं. ठकूबाई उन्हात, अगदी समोर बसली होती, आणि वडील उठून गेले हे सांगताना बाबाचं तोंड कसं झालं ते तिने पाहिलं होतं. असं तोंड रचून करता येत नाही. तिला कळलं, की तप वगैरे काही नाही, ते आपण एका राख लावलेल्या पातेल्याच्या भरात उठवलंय. पण बोलायचं कसं? बोललं की पाटलीणबाईंची हाक गेली आणि वाट सोडून पुन्हा काट्यांत उभं राहणं आलं. ती गप्प बसली. ठकूबाई गप्प बसली तेव्हा तिच्या दारच्या कोंबड्यांनी खुडुक होऊन अंडी देणं थांबवलं, असं म्हणतात. गावाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं, पण गाव म्हशी घेऊन रांगेत उभं होतं.

आता भाद्रपद आला. बाजरी दाण्यात आली होती, वावरातल्या माळ्यामाळ्यांवरून पाखरांवर गोफणी फिरत होत्या. बोरा नदीच्या मध्यावर एक बेट आहे. त्या दिवसांत बेटावर कमरेइतकं गवत माजतं, आणि पाणी गुडघ्याएवढं असलं की वस्तीतल्या बाया उतरून जातात आणि भारे घेऊन येतात. त्या दिवशी सगुणा गेली होती आणि तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी दोघी. सगुणा पहिलटकरीण, माहेरपणाला आलेली, सातवा लागलेला. ठकूबाईने जाऊ नको म्हटलं होतं. पण आईची जीभ पोरीलाही आली होती, आणि त्या वादात पोरगी जिंकली होती.

इथे ऊन होतं. पाऊस पडला तो वर, डोंगरात. दुपार कलायच्या आत नदीचा आवाज बदलला, आणि हैबती कोळी किनाऱ्यावर जाळं विणत होता तो जाळं टाकून उभा राहिला. पाणी तांबडं झालं, मग झाडाच्या फांद्या आल्या, मग मेलेलं वासरू आलं. हां हां म्हणता बेट अर्धं झालं. तिघी बेटाच्या उंचवट्यावर, एकुलत्या एका बाभळीला धरून उभ्या राहिल्या. सगळं गाव काठावर गोळा झालं.

हैबतीकडे सांगड होती, वाळलेल्या भोपळ्यांचा तराफा, मोठा, चार माणसं तोलणारा. पण अशा पाण्यात सांगड सोडली तर ती बेटाला लागत नाही, ती सरळ समुद्राला लागते. सांगडीला दोर हवा, आणि दोराचं एक टोक त्या बाभळीला हवं. दोर पलीकडे कसा न्यायचा? आधी बारीक दोरी जायला हवी, तिच्या मागे मोटेचा जाड नाडा ओढून घेता येईल. हैबती अंबाडीच्या वाखाची लांबच लांब दोरी घेऊन आला. माळ्यावरचे नेमबाज गोफणी घेऊन आले. दगडाला दोरी बांधली, गोफण फिरवली, आणि दोरी गोफणीभोवती, गोफण मनगटाभोवती आणि नेमबाज स्वतःभोवती गुंडाळला गेला. पुन्हा केलं, दोरी तुटली आणि नुसता दगड बेटावर जाऊन पडला. मग हाताने फेकायची पाळी आली. गावातल्या तगड्या गड्यांनी फेकून पाहिलं. ओली दोरी मागून दगडाची शेपटी ओढायची, आणि दगड निम्म्या पाण्यात डुबुक करायचा.

मग एकेक करून सगळ्यांची मान वळली. लुकाबाबा मागे उभा होता, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, उजवा हात डाव्या हाताने धरून.

गावाला आठवलं. लिंबाखालची गोष्ट आठवली. फार जोरात टाकायचा म्हणाला होता. पण पाटलांनी हात आडवा केला. त्यांनी सांगितलं, खबरदार, कोणी बाबांना काही म्हणायचं नाही. इतक्या वर्षांचं तप मोडलं तर नदी नुसतं बेट घेऊन थांबणार नाही, गाव घेईल. त्यापेक्षा बाबांनी तो हात पाण्याला लावावा. गावाला हेही पटलं. लुकाबाबाला काठाशी नेलं. त्याने गुडघे टेकले, हात पाण्यात बुडवला, डोळे मिटून प्रार्थना केली. त्याने डोळे उघडले तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्यांवरून गेलं होतं.

पलीकडे सगुणा बाभळीच्या खालच्या फांदीवर चढली. पोट सांभाळत चढली. ते सगळ्यांना दिसलं.

लुकाबाबा उठला, पण पुढे सरकेना. त्याचे ओठ हलत होते. देवाला दिलेला शब्द होता, तो एक. आणि दुसरं हे, की सगळं मैदान पुन्हा भरलेलं होतं.

तेव्हा ठकूबाई गर्दीतून पुढे आली. आपण कुणाला शिवतोय, कुणाला नाही, याचा विचार न करता आली, आणि पाटलांच्या समोर उभी राहिली.

"तप न्हाई पाटील. मी उठवलेली आवई हाय ती. मला मान मिळाला, म्हून मी गप बसले. आता माझी जीभ कापा, न्हाईतर वस्तीतून हाकला. पर ह्यास्नी अडवू नका."

पाटलांचा आडवा हात खाली आला. ती बाबाकडे वळली.

"बाबा, ह्यो हात वाकडा म्हंत्यात न्हवं? आसंल वाकडा. माझी पोर पल्याड हाय. तिला तिथनं कोपर दिसत न्हाई."

लुकाबाबाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने बूट काढले.

पेटीतला तांबडा चेंडू आणला गेला. हैबतीने दाभणाने शिवणीखालून वाट केली, दोरी ओवली, गाठ मारली आणि गाठीवर थुंकला. लुकाबाबाने दोरी हातात गुंडाळू दिली नाही. एक पसरट पाटी मागवली आणि कोळी गळाची दोरी ठेवतात तशी सैल नागमोडी पाटीत अंथरायला लावली, म्हणजे ती अडकणार नाही. मग तो मागे चालत गेला, चिखलात टाच रोवून खूण केली, वळला, आणि धावत आला. असं धावणं गावाने पाहिलं नव्हतं. तट्टावरून जमिनीला पाय टेकवणारा तो बेढब माणूस हरणासारखा आला, आणि त्याचा उजवा हात, जो कधी कोणी वर गेलेला पाहिला नव्हता, डोक्यावरून सरळ फिरला. ताठ. सोटा फिरवावा तसा.

चेंडू गेला, दोरी पाटीतून सुळसुळत गेली, आणि चेंडू बेटाच्या अलीकडे पाण्यात पडला.

काठावरून एक हुंदका उठला. दोरी ओढून घेतली. लुकाबाबाने ओला चेंडू सदऱ्याला पुसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि ठकूबाईला, जिने आयुष्यात क्रिकेट पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही, तिला एकटीला कळलं की काय झालं. याही वेळी, पोर झाडावर असताना, सगळं गाव चिखलात उभं असताना, या माणसाने कोपर सरळ ठेवलं होतं. तो पांढरा डगला अजून त्याच्यामागे उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, ओरडली नाही, "वाकू दे."

तो खुणेपाशी गेला. मागून हैबती म्हणाला, वाकू दे बाबा. मग गोफणवाले म्हणाले. मग बाया म्हणाल्या. शेवटी शिदोजी पाटील म्हणाले, आणि पाटील म्हणाले म्हटल्यावर उरलेल्यांनाही म्हणायला हरकत राहिली नाही. सगळा काठ हळू आवाजात म्हणत होता, वाकू दे, वाकू दे, जसं अडलेल्या गाईला बोलतात तसं.

लुकाबाबा धावला. हात वर गेला, मागे गेला, कोपर वाकलं, चांगलं वाकलं, आणि गोफण सुटावी तसं सुटलं.

त्यानंतर काय झालं ते प्रत्येक घरात वेगळं सांगतात. कोणी म्हणतात चेंडू वर गेला तेव्हा सूर्य झाकला गेला. हैबतीच्या घरचे सांगतात, चेंडू खाली यायच्या आत हैबतीने चिलीम भरून दोन झुरके घेतले. काही म्हणतात दोरी कमी पडली होती, पण पाटीतून निघतच राहिली, आणि नंतर मोजली तेव्हा ती पहिल्यापेक्षा लांब भरली. एवढं मात्र सगळी घरं एकसारखं सांगतात, की चेंडू बाभळीच्या दोन फांद्यांच्या मधून गेला आणि दोरी सगुणाच्या मांडीवर पडली.

दोरीमागून मोटेचा नाडा गेला. तिघींनी तो बाभळीच्या बुंध्याला पक्का बांधला. हैबती नाडा धरून सांगड घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. येताना प्रवाहाने सांगड अशी दाबली की नाडा तुटायला आला, तेव्हा काठावरच्या सगळ्यांनी तो धरला. गावातले हात आणि वेशीबाहेरचे हात एकाआड एक लागले होते, आणि नाड्याला त्यात काही फरक कळला नाही. माणसांना दुसऱ्या दिवशी कळला, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी नाही. तिघी चेंडूसकट किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्या मागे बाभूळ मुळासकट वाहून गेली.

ठकूबाईने पोरीला आधी एक थप्पड मारली आणि मग मिठी मारली.

त्या हाताचं पुढे काय झालं यावर गावात अजून भांडण आहे. वरची आळी म्हणते, चेंडू सुटला तसा तो हात वरच राहिला, मरेपर्यंत खाली आला नाही. खालची आळी म्हणते, खांद्यातून निखळला तो कायमचा लोंबला. दोन्ही आळ्यांचे पूर्वज त्या दिवशी काठावर होते, आणि दोन्ही आळ्यांचे पूर्वज खोटं बोलत नव्हते, तेव्हा काय ते तुम्हीच ठरवा. पण त्या संध्याकाळी हळदीचा लेप घेऊन ठकूबाई गेली, तेव्हा लुकाबाबा ओसरीवर बसला होता आणि हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. तिला वाटलं दुखणं डोक्यात गेलं.

"ठकूबाई," तो म्हणाला, "तो पंच खरं बोलत होता."

तिला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्याने कोपर वाकू दिलं, जाणूनबुजून, आणि वाकताना त्याला ते ओळखीचं वाटलं. खांद्याला ओळखीचं, मनगटाला ओळखीचं. तरुणपणी, हजारो लोकांसमोर, तो हात असाच सुटायचा. त्याने लबाडी केली नव्हती, पण कोपर वाकत होतं. इतकी वर्षं तो त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत आला होता, देवाच्या घरात उभा राहूनसुद्धा. आता त्याला तिथे जाऊन त्या पंचाचे पाय धरावेसे वाटत होते.

"आन् वडील?" ठकूबाईने विचारलं.

"वडिलांना त्या दिवशी उठून जायला नको होतं," तो म्हणाला. "तेवढं मात्र माझं खरं."

ठकूबाईने लेप लावला. तिची जीभ कोणी कापली नाही. पाटलांनी तो विषय काढलाच नाही, कारण निकाल त्यांनी दिला होता. पाटलीणबाईंची हाक मात्र बंद होईल असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती नदीच्या वाटेला लागली, समोरून पाटलीणबाई आल्या, आणि ठकूबाई सवयीने काट्यांकडे सरकली. पाटलीणबाई थांबल्या. म्हणाल्या, ठकूबाई, सगुणा कशी आहे? आणि त्या वाटेच्या कडेला सरकल्या. फार नाही. एका माणसापुरत्या.

सगुणाला मुलगा झाला. लुकाबाबा पुढे पुष्कळ वर्षांनी तेरडगावातच गेला. म्हशी त्याच्याकडे पुन्हा कधी आल्या नाहीत, पोरं येत राहिली. शहरातल्या मोठ्या पाद्र्यांनी कबरीसाठी कोरीव क्रूस पाठवला. गावच्या पाथरवटाने तो बसवला आणि खाली न विचारता एक हात कोरला, कोपरात वाकलेला. मोठे पाद्री आले, त्यांनी तो पाहिला, आणि यावेळी ते जेवून गेले.

आता बोरेवर पूल आहे आणि बेटावर गवत कापायला कोणी जात नाही. तरी भाद्रपदात, बाजरी दाण्यात आली की, तेरडगाव एक दिवस काठावर जमतं. पाटीत दोरी सैल अंथरतात. तांबडा चेंडू काढतात. तो सहा महिने प्रार्थनाघरात असतो आणि सहा महिने हैबतीच्या नातवंडांकडे, आणि दुसऱ्याने खरा जुना चेंडू बदलला का यावरून दोघांत दरसाल तंटा होतो. तो चेंडू फेकायचा मान गावातल्या थोरामोठ्यांचा नाही. तो त्या माणसाचा, ज्याला त्या वर्षी गावाने खोटा म्हटलं. कधी ती कोणाची सून असते, कधी कोणाचा भाऊबंद, एका वर्षी तर थेट सरपंच. नाव कोणी घेत नाही. चेंडू नुसता त्याच्या समोर नेऊन ठेवतात, आणि उचलायचा की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. आजवर कोणी ठेवून गेलेलं नाही. तो खुणेपाशी जातो, वळतो, आणि सगळं गाव, गावातले आणि वेशीबाहेरचे, हळू आवाजात म्हणायला लागतं, वाकू दे, वाकू दे.

चेंडू कधी पलीकडे पोचतो, कधी पाण्यात पडतो. मग तो माणूस मागे वळतो, आणि त्याच्या कोपराकडे कोणी बघत नाही.